मदत हवी आहे: व्यापारी इमारतीतली शाळा आणि वापरबदलाची परवानगी

मुलीची शाळा जूनपासून एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हलवणार आहेत. खाली हॉटेल, पहिल्या मजल्यावर जिम. जिना सगळ्यांना मिळून एकच, आणि पहिली ते चौथीची मुलं त्यावरून ये-जा करणार. मला सगळ्यात जास्त काळजी या जिन्याचीच आहे.

हद्द मुंबईबाहेरच्या महापालिकेची, म्हणजे बांधकामांसाठीची 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू. माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालं. दोन्हींत तो मजला 'कार्यालये' असा आहे. वापरबदलाचा प्रस्ताव छाननीत आहे, असं महापालिकेत तोंडी कळलं. शाळेने अग्निशमनाचा जानेवारीचा 'नमुना ब' (आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं सहामाही प्रमाणपत्र) दाखवला, पण तो संपूर्ण इमारतीचा आणि शाळा येण्याआधीचा. मुख्याध्यापकांना दोनदा लेखी विचारलं, उत्तर नाही.

शाळा बदलणं सध्या शक्य नाही, कोर्टातही लगेच जायचं नाही. इतर अकरा पालक सही करायला तयार आहेत.

प्रस्ताव मंजूर होण्याआधी पालकांची लेखी हरकत विचारात घेतली जाते का? ती बांधकाम परवानगी विभागाकडे द्यायची की मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे? आणि स्वतंत्र दुसऱ्या जिन्याचा आग्रह नेमक्या कोणत्या नियमाच्या आधारे धरता येईल?