आजीच्या ओव्या

ताई, तुमची आजी दळताना ओव्या म्हणायची आणि घरात कुणीच त्या उतरवून घेतल्या नाहीत, हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही तीच गत. गावात गिरणी आली तरी आमची आजी, म्हणजे आईची आई, उपवासाची भाजणी आणि मेतकूट जात्यावरच दळायची. पहिली ओवी देवाला, मग माहेर, भाऊ, आणि शेवटी आम्हा नातवंडांची नावं गुंफायची. मध्येच खुंटा सैल झाला की चिंधी गुंडाळून ठोकायची आणि ओवी जिथे सोडली तिथूनच पुढे!

कवयित्री बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी छापून आली, कारण लेक सोपानदेव स्वतः कवी होते आणि मायलेकात वही होती. आपल्या घरी वही होती ती फक्त वाण्याची.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘परी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, खेड्यापाड्यातल्या जगण्याची नोंद ठेवणारा संग्रह; त्याच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायलाही मिळतात. जरूर ऐका. तुमच्या आजीच्या ओळी भेटतीलही कदाचित, ओव्या काही एकीच्या नसतात.

मी गेल्या दिवाळीत आईला फोन समोर ठेवून बसवलं. चार ओव्या झाल्या आणि ती थांबली. म्हणाली, “पुढचं जात्यावर बसल्याशिवाय नाही रे आठवत.”

जातं आता अंगणात तुळशीजवळ आहे. खुंटा कधीच गेलाय.