वळीव आणि अवकाळी: एकच का?

परवा दुपारी आईचा फोन आला. आमचं गाव वाई तालुक्यात, पाठीशी डोंगर आणि पुढे सपाट रान. आई म्हणाली, "वळीव चांगला झाला, ढेकळं पार फुटली." त्याच संध्याकाळी बातम्यांत त्याच पट्ट्याबद्दल मथळा होता, "अवकाळीचा तडाखा". पाऊस तोच, वेळही तीच. म्हणून विचारतो, हे एकाच पावसाचे दोन शब्द आहेत की पाऊसच दोन आहेत?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाऊस दोन आहेत, आणि बातम्यांच्या भाषेत त्यातला एक दुसऱ्याला गिळत चाललाय याचं मला वाईट वाटतं.

अवकाळी म्हणजे ज्याची वेळच नाही असा. पौष-माघात गहू ओंबीवर आहे, हरभरा घाट्यांनी भरलाय, ज्वारी काढणीला आलीय, अशा वेळी कोसळतो तो अवकाळी. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली आणि मार्चमध्येही लांबलेली गारपीट आठवा. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र, सगळीकडे उभी पिकं झोपली. त्याला अवकाळीच म्हणायला हवं.

वळवाला मात्र वेळ आहे. सूर्य १३-१४ एप्रिलच्या सुमारास अश्विनी नक्षत्रात येतो, पुढे भरणी, कृत्तिका आणि २५ मेच्या आसपास रोहिणी. ७-८ जूनला मृग लागतो. या चार नक्षत्रांत दुपार कलल्यावर गडगडत येणारा आणि तास-दीड तासात आटोपणारा पाऊस म्हणजे वळीव. हवामान खातंही मार्च ते मे हा पूर्वमोसमी हंगाम धरतं आणि त्याची सरासरी काढतं. दरवर्षी ज्याची सरासरी निघते त्याला अवकाळी कसं म्हणायचं?

वळीव म्हटलं की माझा कान 'वळणे'कडे जातो. व्युत्पत्तीचा निवाडा म्हणून हे सांगत नाही, पण अनुभवाशी ते जुळतं. जूनपासूनचा पाऊस आमच्याकडे पश्चिमेकडून, घाटमाथा ओलांडून येतो. वळवाचं आभाळ बहुतेकदा उगवतीकडून चढतं. बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन येणारं वारं आणि वायव्येकडचं कोरडं वारं दख्खनच्या पठारावर एकमेकांना भिडतात, खाली जमीन भट्टीसारखी तापलेली असते, मग ढग उभेच्या उभे वाढतात. सह्याद्रीची धार जवळ असेल तर चढणाऱ्या हवेला आणखी रेटा मिळतो. म्हणूनच सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हा शब्द इतका तोंडी आहे.

त्याच्या आधीच्या दोन तासांसाठी मराठीत किती बारीक शब्द आहेत ते बघा. झळा, काहिली, तलखी, उकाडा. शब्दकोशात सगळ्यांचा अर्थ फिरून 'उष्णता'च निघतो, पण बोलताना कोणी त्यांची अदलाबदल करत नाही. झळा लागायला वारं हवं. उकाडा व्हायला वारं पडायला हवं. काहिली अंगाची होते, तलखी जिवाची. कोकणात उकाडा, देशावर झळा, ही ढोबळ वाटणी. वळवाच्या दिवशी मात्र देशावर दोन्ही भेटतात. दुपारपर्यंत झळा असतात, अडीच-तीनला त्या एकदम थांबतात आणि उकडायला लागतं. आमची आजी तेवढ्यावरून गच्चीतल्या कुरडया गोळा करायला पाठवायची. आभाळात अजून काही नसायचं, आम्ही कुरकुरत जायचो. अर्ध्या तासात पूर्वेला काळं यायचं, खळ्यावरून वावटळ पाचोळा उचलून न्यायची, आणि फुफाट्यात पहिले थेंब पडायचे ते बोराएवढे. एकेका थेंबाचा एकेक खळगा, मध्ये बोटभर कोरडी माती. आजी म्हणायची, वळीव बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. खरंच, ओढ्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ असं मी कितीदा पाहिलंय.

हा डोंगर-पठाराचा भेद हवामान खात्याच्या भाषेतही आहे. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात पारा किमान ४० अंश हवा, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३० पुरतात, आणि शिवाय तो सरासरीहून साडेचार अंश तरी वर हवा. म्हणजे लाट हा शब्दसुद्धा जागा बघून बदलतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, पायथ्याची वाई त्याच्या जवळपास निम्म्या उंचीवर. मार्चमध्ये 'होळी जळाली, थंडी पळाली' हे खाली खरं ठरतं, वर पहाटेचा गारठा अजून पाय काढत नाही.

जाता जाता, गार हा शब्दही मला फार आवडतो. वारा गार, आभाळातून पडते ती गार, आणि गारगोटीतली गारही तीच. गारा वेचताना हातात येतो तो थंड पांढरा खडाच असतो ना!

वसंताबद्दल काही लिहिलं नाही, कारण हवेबद्दल बोलताना तो शब्द आमच्याकडे कोणी काढत नाही. फाल्गुन संपला की उन्हाळा.

तुमच्याकडे काय म्हणतात?

—

नाशिककडून लिहितोय. दादा, तुमचं नक्षत्रांचं गणित मान्य, पण आमचं गणित पिकाचं असतं. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढून आम्ही तो शेतातच, त्याच्याच पातीखाली झाकून सुकवतो. चार दिवस ऊन मिळालं की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, भरायचा. त्या चार दिवसांत तुमचा वळीव आला की कांद्याला ओल लागते आणि तो चाळीत सडतो. अशा वेळी त्याला वळीव म्हणायला जीभ रेटत नाही. त्या शब्दात माया आहे. पंचनाम्याच्या कागदावरही 'अवेळी पाऊस' असंच लिहितात, तिथे वळीव लिहून मदत कोण देणार? आम्ही अवकाळी म्हणतो ते तक्रार म्हणून.

—

आमच्या रत्नागिरीत वळीव शब्द कळतो, पण रोजचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे धसका असतो तो मळभाचा. ढग आणि मळभ यांत फरक आहे हं. ढगाला कड असते, तो येतो आणि जातो. मळभाला कड नसते, आभाळच्या आभाळ मळकं होऊन बसतं, पाऊस पडत नाही आणि ऊनही पडत नाही. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे वाढतात, भुरी रोग धरतो. वडील सकाळी अंगणात येऊन वर बघायचे आणि एवढंच म्हणायचे, "मळभ धरलंन." त्यावर घरात कोणी बोलत नसे. पुढे ऊन फार झालं तरी धास्ती असतेच, फळ गळतं आणि आंब्यात साका होतो. वरून फळ पिवळंधमक, कापलं की आत पांढरट, आंबूस.

—

दोघांचेही आभार. 'मळभाला कड नसते' हे मला कधीच सुचलं नसतं.

नाशिककर, तुमचं म्हणणं मला खरोखर लागलं. तुमचा कांदा, सांगलीकडे शेडमध्ये वाळणारा बेदाणा, शिजवून उन्हात पसरलेली हळद, या सगळ्यांना एप्रिलचा पाऊस घातकच. आमच्या घरीही कडबा भिजून काळा पडला की त्या वर्षी वळवाचं कौतुक होत नाही. तरी मला वाटतं, नुकसान केलं म्हणून पावसाचं नाव बदलू नये. अवकाळी हे विशेषण आहे, ते पावसावर आरोप ठेवतं. वळीव हे त्याचं नाव आहे. 'यंदा वळवानं कांदा नासवला' हे वाक्य माझ्या कानाला पूर्ण खरं वाटतं, त्यात तक्रारही आहे आणि कोणाबद्दल आहे तेही कळतं. आज फेब्रुवारीचा पाऊस अवकाळी, एप्रिलचा अवकाळी, मे अखेरचाही अवकाळी. शेतात काय उभं होतं आणि आभाळ कुठून आलं, यातलं काहीच त्या शब्दातून समजत नाही. पंचनाम्यात अवेळी असू द्या, तिथे त्याचं काम आहे.

ढगफुटीचंही तसंच होतंय. ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस थोड्याशा भागावर झाला तर ती ढगफुटी. ओढ्याला पाणी आणणारा प्रत्येक वळीव तसा नसतो.

एक शब्द राहिला. पावसाळ्यात सर थांबली की आपण 'उघडीप दिली' म्हणतो. वळवानंतर आमच्याकडे असं कोणी म्हणत नाही. तेव्हा आभाळ 'निवळतं', गढूळ पाणी निवळावं तसं. धूळ खाली बसलेली असते, आणि एरवी उन्हाच्या धुरकटात न दिसणारा पाचगणीचा कडा घराच्या ओट्यावरून रेघ मारल्यासारखा दिसतो. कोकणात मळभ जातं तेव्हा काय म्हणता, निवळलं की फिटलं?