भूमध्य समुद्रातलं बेट आणि घरच्यांसोबत निवांत उन्हाळा : तुमचे अनुभव लिहा

एवढं तिकीट काढून जायचं आणि एकाच गावात बसून राहायचं? आमच्याकडे कोणीही ऐकलं की हाच प्रश्न येतो. पण मला खरंच वाटतं की मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हाच प्रकार सगळ्यात छान, आणि त्यासाठी भूमध्य समुद्रातली बेटं फार योग्य आहेत. तर कुटुंबाला घेऊन अशा कुठल्या बेटावर राहिला असाल तर सविस्तर लिहा, कुठलं गाव, काय खाल्लंत, दुपारी काय करायचात, आजी-आजोबांना कसं झेपलं. सुरुवात मी करते.

आमचं बेट क्रीट, ग्रीसचं. आम्ही म्युनिकला असतो, इथे शाळांना सुट्टी ऑगस्टमध्ये, त्यामुळे ऊन आणि गर्दी दोन्ही ठरलेलंच. बरोबर साबा (सासूबाई) होत्या, त्या अंडंही खात नाहीत. हानियाच्या जुन्या बंदराजवळ स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं आणि तिथेच राहिलो. क्रीट नकाशात छोटं दिसतं पण पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटरच्या वर आहे आणि मधे उंच डोंगर, एका सुट्टीत सगळं बेट करू म्हणाल तर सुट्टी गाडीतच जाईल. आम्ही लांब असं एकदाच गेलो, क्नोसॉसचा राजवाडा बघायला, आणि तो मात्र बघाच, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची धान्य-तेल ठेवायची माणसाएवढी मातीची रांजणं बघून मुलं थक्क झाली. सकाळी दार उघडताच आत शिरा, अकरानंतर तिथे सावली शोधावी लागते.

पण मला सांगायचंय ते बाजाराबद्दल. शनिवारी सकाळी रस्त्यावर भाजीबाजार भरतो, त्याला तिथे लाइकी म्हणतात. साबा एका गाड्यापाशी थांबल्या, एक जुडी उचलली, लालसर जाड देठ नखाने मोडून बघितला, पान चावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं ही तर घोळ आहे!" खरंच घोळ. तिथे तिला ग्लिस्त्रिदा म्हणतात आणि काकडी-टोमॅटोबरोबर कच्चीच खातात. शेजारी व्लिता नावाची पालेभाजी होती, ती आपल्या तांदुळजाच्या कुळातली, ती उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू पिळतात, बास. विकणाऱ्या आजीबाईंना मराठी येत नव्हतं आणि साबांना ग्रीक, तरी दोघींचं शिजवायचं कसं यावर हातवाऱ्यांनी बराच वेळ चाललं होतं आणि निघताना आजीबाईंनी दोन लिंबं वर टाकली. त्या दिवशी आमच्याकडे लसणाची फोडणी दिलेली घोळूची भाजी झाली, पुण्याहून आणलेली चणाडाळ घालून. त्यानंतर दर शनिवारी साबाच आम्हाला उठवायच्या.

शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाचं. ग्रीसमधल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचा १ ते १४ ऑगस्ट उपास असतो (१५ ला मरियमचा मोठा सण), तेव्हा बेकऱ्यांमध्ये, हॉटेलांमध्ये उपासाचे पदार्थ वेगळे सांगून मिळतात, मांस, अंडं, दूध काही नाही. फक्त त्यांच्या उपासाला कोळंबी, ऑक्टोपस चालतं! त्यामुळे उपासाचं आहे म्हटलं तरी विचारून घ्या. एरवी पण तेलात शिजवलेल्या भेंडी, फरसबी, मोठे पांढरे बीन्स, भात भरलेले टोमॅटो आणि दाकोस (जाड बार्लीचा टोस्ट, वर किसलेला टोमॅटो आणि ताजं चीज) यावर कोणीही मजेत राहील.

दुपारी अडीच ते साडेपाच गाव झोपतं. आम्हीही झोपायचो. संध्याकाळी समुद्र, नऊला जेवण, आणि अकरा वाजता चौकात सगळी पोरं फुटबॉल खेळतायत, आमचीही त्यात. मुलांना वेळेवर झोपवायचा हट्ट तिथे सोडून द्यावा.

*

पुण्याहून :

आम्ही गोझो केलं, माल्टाच्या शेजारचं छोटं बेट. मे महिना, कारण आपल्या शाळांची सुट्टी तेव्हाच. मेमध्ये पाणी गार असतं हे सांगून ठेवते, मुलं उतरतात पण आपण पाय बुडवून बाहेर येतो. त्या बदल्यात गर्दी नाही, घरं स्वस्त, आणि ऑगस्टपर्यंत वाळून पिवळं पडणारं बेट तेव्हा जरा हिरवं असतं. भारतातून जाणाऱ्यांना हे सगळ्यात सोपं बेट आहे असं माझं ठाम मत, इंग्रजी तिथली राजभाषाच आहे, गाड्या डावीकडून चालतात, प्लग ब्रिटिश तीन पिनचा. माल्टाच्या चिरकेवा धक्क्यावरून फेरीबोट साधारण २५ मिनिटांत पोचवते.

माझे बाबा मूळचे पेणकडचे, मिठागरं बघत मोठे झालेले. गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर मार्सालफोर्नच्या पुढे खडकात कोरलेली मिठागरं आहेत. आपल्याकडे मातीचे बांध घालतात, इथे अख्खा खडकच चौकोनी कप्प्यांत कापलाय. बाबा रोज संध्याकाळी तिकडे चालत जायचे. कप्प्यातल्या पाण्यावर मिठाची पहिली साय कधी धरते, ती कुठल्या कडेने जमायला लागते, हे ते नातवाला वाकून दाखवायचे आणि तो सात वर्षांचा मुलगा शांतपणे बघत बसायचा, जो एरवी दोन मिनिटं एका जागी नसतो. जगांतियाची देवळं पण बघितली, इजिप्तच्या पिरॅमिडच्याही आधीची आहेत, पण बाबांना विचाराल तर ते मिठागरांबद्दलच बोलतील.

खाण्यात पास्तित्सी, रिकोटा चीज किंवा मटाराचं सारण भरलेली. शाकाहारी असाल तर पारीला चरबी वापरलीय का विचारा, काही ठिकाणी वापरतात.

*

मुलीकडे लंडनला आलेली एक आजी :

मुलगी-जावई आणि नातींबरोबर मायोर्काला (स्पेनचं बेट) गेले होते. माझे गुडघे चालत नाहीत, त्यामुळे मी घरीच बसेन असं म्हणत होते. लेकीने सोयेरचं बंदर शोधलं, आणि त्या जागेसाठी मी तिला कायम दुवा देईन. बंदर जवळजवळ चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं, पाणी शांत, किनाऱ्यालगत सपाट रस्ता आणि त्यावरून लाकडी ट्राम जाते, १९१३ सालापासूनची. ती बंदरातून संत्र्या-लिंबांच्या बागांमधून सोयेर गावात जाते, थेट चर्चच्या चौकात. मी रोज नातीला घेऊन जायचे. चौकात ताज्या संत्र्यांचा रस घ्यायचा, बाकावर बसायचं, परत यायचं. पाल्माहून सोयेरला येणारी लाकडी आगगाडी १९१२ ची, ती बोगद्यांतून डोंगर ओलांडते, तीही एकदा केली. ट्रामला चढायला पायरी उंच आहे पण कंडक्टर हात देतात. गुडघेदुखीवाल्यांनी मुळीच घाबरू नये, फक्त राहायची जागा सपाटीवर घ्या, वर डोंगरातली घरं फोटोत सुंदर दिसतात पण तिथे पायऱ्याच पायऱ्या.

*

ॲमस्टरडॅमहून :

नाक्सोस, ग्रीसच्या सायक्लेड्स बेटसमूहातलं बेट, जुलै. वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, आकाश निरभ्र, ऊन कडक आणि वारा मात्र दिवसच्या दिवस. तो जास्त वाढला की फेरी बंद ठेवतात. आमची परतीची अशीच रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी सुटली, पण विमानाआधी अथेन्समध्ये रात्र मोकळी ठेवली होती त्यामुळे काही बिघडलं नाही. सायक्लेड्समधल्या कुठल्याही बेटावर जात असाल तर हे कराच.

लहान मुलांसाठी गावालगतचा आयोस योर्गोस किनारा घ्या, बऱ्याच आतपर्यंत पाणी गुडघ्याएवढंच. आमची तीन वर्षांची तिथे दिवसभर बादली घेऊन असायची. नाक्सोसचे बटाटे ग्रीसभर प्रसिद्ध आहेत आणि का ते खाल्ल्यावर कळतं. फावा मागवा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच जणू, वर कच्चा कांदा, तेल, लिंबू. आमच्या लेकीने दुसरं काही खाल्लं नाही आणि आम्हाला त्याची काळजी वाटली नाही. संध्याकाळी पोर्ताराला जा, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट, गावातून चालत पोचता येतं.

*

डोंबिवलीहून :

इटलीचं सिसिली बेट, तिथल्या सिराकूसा शहराचं जुनं गाव ऑर्तिजिया. मुलं मोठी आहेत, १४ आणि १७, या वयात आईबापाबरोबर चालणंही त्यांना नको असतं. ऑर्तिजिया एवढंसं आहे की त्यांना किल्ली देऊन सोडून देता येत होतं. सकाळी ब्रियोश (गोडसर मऊ पाव) आणि बदामाचा ग्रानिता (बर्फाचा, हो, नाश्त्याला!), मग खडकांवरून समुद्रात उड्या, दुपारी झोप. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत अथेनाच्या ग्रीक देवळाचे अडीच हजार वर्षांपूर्वीचे खांब अजून उभे आहेत, देऊळ पाडलं नाही, खांबांमधल्या जागा भरून चर्च केलं. धाकटीने ते स्वतः शोधलं आणि आम्हाला हात धरून न्यायला आली. माझ्यासाठी सगळ्या सुट्टीत ते सगळ्यात मोलाचं.

प्रश्न : आई-वडिलांना भारतातून थेट बेटावर न्यायचं तर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) अर्ज कधी करायचा?

*

(म्युनिकहून परत मीच)

@डोंबिवली, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट लवकर संपतात त्यामुळे थांबू नका. ज्या देशात जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज, म्हणजे नुसतं क्रीट असेल तर ग्रीसकडे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, साबांच्या वयामुळे आमचा जरा महाग पडला. आणि घर बघताना एसी सगळ्या खोल्यांत आहे ना हे आधी विचारा, आमच्याकडे फक्त एका खोलीत होता, ती आम्ही साबांना दिली आणि दुपारी सगळे गाद्या ओढून तिथेच.