रेसिटेटिव्ह ऐकायचं की पुढे पळवायचं?

पंचमस्वर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "ऑपेरात आरिया (गाणी) तेवढ्या ऐका, मधलं रेसिटेटिव्ह (बोलण्याच्या चालीत गायलेले संवाद) म्हणजे सुरात वाचलेलं बातमीपत्र." वाचून डोकंच फिरलं. बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या मृत्यूची गायलेली कथा, ऐकलंय? इव्हँजेलिस्टचं (कथा सांगणाऱ्या टेनरचं) निवेदन नुसत्या कंटिन्युओवर (ऑर्गन-चेलोच्या साध्या साथीवर) चालतं, येशू बोलला की मागे तंतुवाद्यं लागतात. क्रुसावर 'एली, एली' (माझ्या देवा, माझ्या देवा) म्हणतो तिथे मात्र ती गप्प! त्याचा शिष्य पीटर ओक्साबोक्शी रडतो ती ओळही निवेदनातलीच. 'वाइनेटे बिटरलिश' (ओक्साबोक्शी रडला) या दोन शब्दांवर टेनर केवढा फिरतो!

ढोबळेकाका: कुणीतरी म्हणजे मीच. बाख ठीक. पण मोत्सार्टचा ऑपेरा 'फिगारो'? हार्प्सिकॉर्डची (जुन्या तारांच्या पेटीवाद्याची) खुटखुट आणि इटालियन वटवट. संगीतकार ग्लुकनेसुद्धा १७६२ च्या 'ऑर्फेओ' ऑपेरातून हे काढून टाकलं. तो अडाणी होता का?

पंचमस्वर: काढलं नाही हो, हार्प्सिकॉर्डच्या जागी वाद्यवृंद आणला! आणि 'फिगारो'च्या पहिल्या अंकात काउंट खुर्चीमागे लपतो, तेवढ्यात केरुबिनो पुढून खुर्चीत शिरतो, सुझाना त्याच्यावर कपडा टाकते. हे सगळं तुमच्या वटवटीतच घडतं.

अर्धमात्रा: आमच्या आजोळी कीर्तनातही असंच, बुवा सीतास्वयंवर लावायचे. धनुष्य उचलेपर्यंत बोलणं, शेवटच्या शब्दावर पेटीने सूर धरला की दिंडी (त्या वृत्तातलं पद) सुरू. बोलणं कधी संपलं, पत्ता लागायचा नाही.

ढोबळेकाका: आलं! सगळं आपल्याकडे आधीच होतं.

अर्धमात्रा: 'आधी' कुठे म्हटलंय मी? नीट वाचा.

तिरकीट: कीर्तन राहू द्या, संगीत नाटकांचं बोला. नायिका निरोप घेते, वन्समोअर येतो, परत निरोप घेते. नाटक बसलं तिथेच ताटकळत.

अर्धमात्रा: किर्लोस्करांना बोल लावू नका. १८८० च्या 'शाकुंतला'त साक्या-दिंड्यांतून पात्रं एकमेकांशी बोलतात. तानबाजी बोकाळली ती १९११ च्या 'मानापमाना'नंतर.

तिरकीट: 'मानापमाना'ला हात लावायचं काम नाही! टेंब्यांच्या चालींवर आमच्या घरात तीन पिढ्या पोसल्यात.

अर्धमात्रा: मग वन्समोअरबद्दल गळा कुणी काढला? तुम्हीच ना?

तिरकीट: दोष ओरडणाऱ्यांचा. चालींचा नाही.

पंचमस्वर: अहो, धागा रेसिटेटिव्हचा आहे! बिझेची 'कार्मेन' १८७५ ला पॅरिसमध्ये गद्य संवादांसकट झाली. तो गेल्यावर त्याचा मित्र गिरोने त्या संवादांची रेसिटेटिव्हं केली. दोन्ही ऐका, मग भांडा.

ढोबळेकाका: ऐकल्यात. गद्यवालीच सरस, म्हणजे मुद्दा माझाच. ती 'एली'ची जागा आत्ता लावून बघितली. बरं, तेवढी ठेवा. 'फिगारो'तलं रेसिटेटिव्ह मी पुढे पळवणारच.