टीममध्ये एकच जण पळतोय, बाकीचे बघत बसलेत. खेळातलं नक्की काय कामी येतं?

हिंजवडीकर
नमस्कार मंडळी. विम्याचे क्लेम तपासणाऱ्या नऊ जणांच्या टीमची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आलीय. वरून निरोप आहे की टीम कशी क्रिकेटच्या संघासारखी झाली पाहिजे, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात अर्ध्या दिवसाचं शिबिरही ठेवलंय. मला भाषणं नकोत. माझी अडचण अशी की एक मुलगा फार हुशार आहे आणि अवघड क्लेम सगळे त्याच्याकडेच जातात. तो रजेवर गेला की कामच अडतं. दुसरीकडे, मागच्या तिमाहीत दोघांच्या मोठ्या चुका निघाल्या. तेव्हापासून ते कशालाच हात लावत नाहीत, साधा निर्णयही मला विचारून घेतात. जे स्वतः मैदानावर खेळलेत आणि आता माणसं सांभाळतायत, त्यांनी प्लीज सांगा.

रणजीप्रेमी
2025 चा महिला विश्वचषक आठवा. साखळीत आपण ओळीने तीन सामने हरलो. त्यातल्या इंग्लंडच्या सामन्यात जादा गोलंदाज हवी म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बसवलं होतं. पुढच्याच सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, तिला थेट तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं आणि तिने नाबाद 76 केल्या. मग उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या 338 चा पाठलाग करताना नाबाद 127. प्रशिक्षक होते आपले अमोल मुझुमदार, रणजीत धावांच्या राशी घालूनही ज्यांना भारताकडून खेळायला मिळालं नाही. बसवलेल्या माणसाला परत आणताना किरकोळ काम देऊ नका, महत्त्वाची जागा द्या.

उजवा कोपरा
वरचं पटलं. पण तुमच्या दोन्ही अडचणींचं उत्तर मला कबड्डीत जास्त दिसतं. मी ठाण्यातल्या एका मंडळाकडून उजव्या कोपऱ्यावर खेळायचे, आता तळोज्याला औषधांच्या पॅकिंग लाइनवर शिफ्ट सांभाळते.

क्रिकेटमध्ये बाद झालात की तुमची फलंदाजी संपली. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की जिवंत होऊन आत येतो, ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने. म्हणजे बाहेर बसलेल्याला स्वतःच्या बळावर परत येताच येत नाही, आतल्यांनी गडी मारावा लागतो. आणि बोनसचा, म्हणजे समोरच्या अंगणातली बोनस रेषा ओलांडल्याचा गुण? तो फलकावर चढतो, पण त्यावर बाहेरचा एकही जण आत येत नाही. निम्मा संघ बाहेर असताना कुणी नुसते बोनस घ्यायला लागलं की आमचे सर बाहेरून ओरडायचे, "बोनस पुरे, गडी मार!"

आमच्या लाइनवर फळ्यावर मशिनवार आकडे लिहायचे. ब्लिस्टर मशिनचा, म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिप्स बनवणाऱ्या मशिनचा ऑपरेटर सुसाट, त्याचा आकडा कायम वर. पुढे कार्टनिंगच्या, म्हणजे स्ट्रिप्स खोक्यात भरायच्या टेबलावर ढीग साचायचा. घाईत खोक्यात माहितीपत्रक घालायचं राहायचं, वजन तपासणारं मशिन ती खोकी बाहेर टाकायचं, आणि मग मागचा सगळा माल उघडून तपासत बसायचं. त्याचे ते आकडे बोनसचेच गुण होते. मी मशिनवार आकडे बंद करायला लावले आणि फळ्यावर एकच आकडा ठेवला: शिफ्ट संपताना क्यूएने (गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाने) पास केलेले शिपर, म्हणजे माल पाठवायचे मोठे खोके. थोड्याच दिवसांत ब्लिस्टरवाला कार्टनिंगच्या टेबलाकडे बघून मशिनचा वेग ठरवायला लागला. पुढे ढीग दिसला की स्वतः जाऊन पत्रकं घालायला उभा राहतो. माणूस तोच आहे.

आता घाबरलेल्या दोघांबद्दल. कोपऱ्यावरची मुलगी घोट्यावर झेप घेते ती शेजारणीच्या भरवशावर. मी घोटा धरला आणि शेजारचीने क्षणभर उशीर केला, तर चढाईवाली मला ओढत मध्यरेषेला हात लावणार आणि बाद मी होणार. आम्ही हात धरून उभ्या असायचो. ती बोटं दाबायची. दाब आला की मी निघायचे, मान वळवून बघायची गरज नसायची. त्या दाबाशिवाय मी कधीच झेप घेतली नसती. भित्रा खेळाडू म्हणून ज्याला आपण बाहेर बसवतो, त्याच्या शेजारी कोण उभं होतं हे आधी बघावं.

आमच्याकडे एका हेल्परच्या हातून लाइन क्लिअरन्सला, म्हणजे नवी बॅच लावण्याआधी लाइन रिकामी करताना, जुन्या बॅचची पत्रकं ट्रेमध्ये राहिली होती. त्याला मेमो मिळाला, आणि त्यानंतर तो कुठल्याच कागदावर सही करेना. मी त्याची जोडी एका जुन्या ऑपरेटर बाईंशी लावली. आधी तो तपासणार: प्रिंटरचा ट्रे, कन्व्हेयरच्या खालची बाजू, कचऱ्याचे डबे. मग बाई, मग दोघांच्या सह्या. परवा कन्व्हेयरच्या गार्डमागे अडकलेलं जुन्या बॅचचं खोकं त्यानेच काढलं, बाईंनी बघायच्या आधी.

तुमच्या दोघांना अवघड क्लेमच द्या. हुशार मुलगा शेजारी बसू दे, पण निर्णय आणि सही त्यांची. त्याचं काम एवढंच, हाक आली की लगेच पोचायचं.

खांब ते खांब
सगळं खरं, पण एक राहिलं. कंपन्या खेळातला सामना तेवढा उचलतात आणि सराव सोडून देतात. आम्ही खो-खोत खांबावर वळायचं रोज संध्याकाळी घोटायचो, तेव्हा कुठे सामन्यात जमायचं. ऑफिसात रोज सामनाच, मग चुकत शिकायचं कधी? आणि पगारवाढ एकेकट्याची असताना दुसऱ्यासाठी कोण पळेल?

हिंजवडीकर
नेमकं हेच. आमच्याकडे रेटिंग निकाली काढलेल्या क्लेमच्या आकड्यावर ठरतं. तो मुलगा दुसऱ्यांना शिकवत बसला तर त्याचंच नुकसान होणार. त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

उजवा कोपरा
नुसतं तोंडाने सांगू नका, आधी वरून लेखी घ्या. त्याने तयार केलेल्या माणसाने काढलेला अवघड क्लेम त्याच्याही नावावर धरला जाईल, एवढं एक वाक्य शिबिराच्या आधी मागा. ते मिळालं नाही तर त्याच्याकडून फुकटची अपेक्षा ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

2016 च्या कबड्डी विश्वचषकाची अहमदाबादची फायनल बघा. मध्यंतराला आपण इराणच्या मागे होतो, 13-18. जिंकलो 38-29. कर्णधार अनुपकुमार, पण त्या दिवशी चढाया गाजल्या त्या अजय ठाकूरच्या, एकट्याचे 12 गुण. कर्णधाराचे स्वतःचे गुण किती, हे कुणी विचारलं नाही. तुमच्या मुलालाही त्या जागी उभं करायचं असेल तर हिशेबाची पद्धत आधी बदलावी लागेल.

सरावाबद्दल खो-खोवाल्यांना शंभर टक्के अनुमोदन. शिबिराचा तो अर्धा दिवस तुम्हीच मागून घ्या. निकाली निघालेले जुने अवघड क्लेम काढा, निकाल झाका, आणि सगळ्यांना जोडीने सोडवायला द्या. चुकले तरी कुणाचे पैसे अडकत नाहीत. त्या मुलाला मात्र त्या दिवशी नुसतं ऐकायला बसवा. आणि तिमाही संपायच्या आत त्याला सलग आठवडाभर रजा द्या, फोन बंद ठेवायला सांगून.