मदत हवी आहे: कॅन्सर बरा झाल्यावर "पुन्हा होईल का" ही भीती, ठाणे-नवी मुंबईत थेरपी कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी विचारते आहे. घरात सगळे त्यांना माई म्हणतात, वय ५२. आम्ही कोपरखैरण्यात एकाच इमारतीत वर-खाली राहतो. त्यांना डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता, दुसरी स्टेज. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) हे सगळं संपून आता अडीच वर्षं झाली. लेट्रोझोलची (हार्मोन कमी करणारी) गोळी चालू आहे. मॅमोग्राफी स्वच्छ येते आणि दर फॉलोअपला डॉक्टर "उत्तम आहे" म्हणतात.

पण माईंची भीती काही जात नाही. पोळ्या लाटता लाटता लाटणं बाजूला ठेवतात, पिठाचा हात पदराला पुसतात आणि बोटं काखेत जातात. चाचपून चाचपून तिथली कातडी लाल झाली आहे. दुपारी मला हाक मारतात, दार लोटून घेतात, माझी दोन बोटं धरून टाक्यांच्या व्रणाच्या वर नेतात. "अगं, इथे बघ. कालच्यापेक्षा मोठी वाटते का?" मी म्हणते, "काही नाही माई, व्रणच आहे तो." तेवढ्यापुरता चेहरा सैल होतो. संध्याकाळी पुन्हा हाक येते. फॉलोअपची तारीख जवळ आली की झोप उडते, रात्री ट्यूबलाइटखाली जुन्या रिपोर्टांची फाइल उघडून बसतात.

पुतणी बारावीला आहे. तिच्यासाठी चकलीच्या भाजणीचं प्रमाण, कोणता मसाला कुठल्या बरणीत, गॅस कुठे नोंदवायचा हे सगळं एका वहीत लिहून ठेवलंय. स्वतःसाठी मात्र एक साधी साडीसुद्धा घेत नाहीत, "कशाला आता" म्हणतात.

येणारे-जाणारे सांगतात, "चांगला विचार करा", "देवाने वाचवलंय ना". सगळ्यांची माया खरी आहे, पण त्याने माई आणखी गप्प होतात. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर बऱ्याच वर्षांनीही परत येऊ शकतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. मग "काही होणार नाही" या वाक्यावर त्यांनी विश्वास कसा ठेवायचा? भीतीला कारण आहे हे मान्य करून कुणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. जवळच्या एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. झोप लागली, भीती होती तशीच राहिली.

वाचताना कळलं की या भीतीवर वेगळी थेरपी आहे. ऑस्ट्रेलियातल्या "कॉन्करफिअर" या पद्धतीचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्तन, आतडं आणि त्वचेचा मेलेनोमा या कॅन्सरमधून बाहेर पडलेले २२२ जण होते. १० आठवड्यांत ५ बैठका. दुसऱ्या गटाला शरीर-मन सैल करण्याचे व्यायाम शिकवले होते. त्यांच्यापेक्षा थेरपी घेतलेल्यांची भीती जास्त कमी झाली, आणि ६ महिन्यांनीही तो फरक टिकून होता.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. असं काम मराठीतून करणारं कुणी ठाणे-नवी मुंबईत आहे का? माईंच्या डाव्या हाताला सूज येते, गर्दीच्या लोकलमध्ये धक्का लागला की कळ जाते, त्यामुळे लांबचा प्रवास नको. ठाण्याला थेट गाडी आहे, तेवढं जमेल. दुसरं म्हणजे, माई पेट स्कॅन (अंगात कुठे कॅन्सर आहे का ते शोधणारी तपासणी) करा म्हणून मागे लागल्या आहेत, भाऊजी पैसे भरायला तयार आहेत, डॉक्टर मात्र लक्षणं नसताना नको म्हणतात. आणि मला सगळ्यात छळणारा प्रश्न: त्या बोट धरून "बघ" म्हणतात तेव्हा मी बघायचं की नाही?

प्रतिसाद (नौपाडाकर):

ताई, मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. एकदम "नाही" म्हणू नका, त्यांना एकटं पडल्यासारखं वाटेल. पण रोज बघूही नका. तुम्ही "काही नाही" म्हटलं की तासाभराचा दिलासा मिळतो आणि मन पुढच्या दिलाशासाठी पुन्हा तुमच्याकडेच धावतं. माझ्या घरी माझा नवरा हेच करायचा. थेरपिस्ट बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून ठरवून दिलं: महिन्यातून एक दिवस तपासणीचा, कॅलेंडरवर खूण करायची. मधल्या दिवसांत मी विचारलं की त्याने म्हणायचं, "भीती वाटतेय ना? तारखेला बघू. आत्ता माझ्याजवळ बस." हे माईंच्या संमतीने ठरवा, त्यांच्या पाठीमागे नको.

तारखेची वाट कधी बघायची नाही, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. नवी टणक गाठ, कातडीत किंवा स्तनाग्रात बदल, दम लागणं, एकाच हाडात सतत वाढत जाणारं दुखणं, असं काही असेल तर लगेच फोन करायचा. लेट्रोझोलने सकाळी बोटं आणि गुडघे आखडतात, सांधे दुखतात. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक कळ म्हणजे हाडात पसरला, असंच वाटायचं.

पेटबद्दल डॉक्टरांचं ऐका. लक्षणं नसताना पेट, बोन स्कॅन किंवा ट्यूमर मार्करची रक्ततपासणी नेमाने केल्याने आयुष्य वाढत नाही, म्हणून ब्रेस्ट कॅन्सरच्या फॉलोअपमध्ये ते करायला सांगत नाहीत. वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि ठरल्या वेळी डॉक्टरांची तपासणी, बास. उलट स्कॅनमध्ये एखादा फालतू ठिपका दिसला तर बायोप्सीपर्यंत जीव टांगणीला.

थेरपीत सुरुवातीला मला विचित्र वाटलेला भाग लक्ष वळवण्याच्या सरावाचा. डोळे उघडे ठेवून बसायचं. आधी फक्त पंख्याचा आवाज ऐकायचा, मग फक्त खालच्या रिक्षांचा, मग शेजारच्या कुकरचा. नंतर भराभर एकावरून दुसऱ्यावर जायचं, शेवटी सगळे एकदम ऐकायचे. बारा-एक मिनिटांचं काम. मनातला विचार हाकलायचा नाही, तो असू द्यायचा, पण लक्ष कुठे न्यायचं हे आपल्या हातात येतं. पुढच्या बैठकांत बाईंनी विचारलं, "भीतीपायी काय काय थांबवलंय?" मी गाण्याचा क्लास बंद केला होता. तो सुरू करणं हा उपचाराचाच भाग होता. माईंची साडी याच खात्यात येते.

प्रतिसाद (खारघरवासी):

आधी माईंच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा की त्यांच्या रुग्णालयात सायको-ऑन्कोलॉजी (कॅन्सरच्या रुग्णांच्या मनाची काळजी घेणारा) विभाग आहे का. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत असतो, पण मागितल्याशिवाय चिठ्ठी मिळत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात तो आहे. माई तिथल्या रुग्ण असतील तर टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये सोय होते का, हे जरूर विचारा, तुम्हाला जवळ पडेल. ठाण्यात १९९० पासून काम करणारी डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, मराठीतून बोलण्याचा प्रश्न तिथे येणार नाही.

कुठेही फोन केलात तरी थेट विचारा: कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम केलं आहे का, भीतीचे विचार हाताळायला शिकवणाऱ्या सीबीटी, अ‍ॅक्ट किंवा मेटाकॉग्निटिव्ह पद्धतीने करता का, साधारण किती बैठका लागतील, हाताच्या सुजेमुळे काही बैठका व्हिडिओ कॉलवर होतील का. उत्तर "फक्त सकारात्मक राहा" एवढंच आलं तर दुसरीकडे जा.

रात्री फाइल उघडून बसतात म्हणालात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो थेरपीच्या जागी नाही, पण मध्यरात्रीसाठी हाताशी असू द्या.

धागाकर्ती:

दोघांचेही खूप आभार. नौपाडाकर ताईंचा प्रतिसाद माईंना वाचून दाखवला. महिन्याची एक तारीख ठरवायला तयार आहेत, पहिली तारीख त्यांनीच सुचवली. भाऊजींनी पेटचा विषय थांबवलाय. सोमवारी डॉक्टरांकडे चिठ्ठी मागणार आहे.

माईंनीच एक प्रश्न विचारायला सांगितलाय. शेकामुळे व्रणाजवळचा भाग कडक झालाय. तो आणि खरी गाठ यातला फरक हाताला कसा कळायचा, हे कुणाकडून शिकता येतं का?

प्रतिसाद (नौपाडाकर):

हो, येतं. पुढच्या फॉलोअपला डॉक्टर तपासत असतानाच माईंना त्यांचा हात तिथे ठेवायला सांगा आणि "हा व्रण, ही फासळी" असं डॉक्टरांकडून दाखवून घ्या. तुम्हीही आत जा. व्रणाचा कडकपणा किती, कुठून कुठपर्यंत, हे फाइलमध्ये लिहून द्यायलाही सांगा.