तुमच्या आयुष्यात देवाचा आशीर्वाद कसा आला? अनुभव लिहा

जय ख्रिस्त.

मागच्या रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ होती. एका भावाने नव्या गाडीबद्दल उपकार मानले, एका ताईने मुलाच्या नोकरीबद्दल. सगळ्या मंडळीने ‘आमेन’ म्हटलं, मीही म्हटलं. माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्यांचे यजमान अर्धांगवायूने वर्षभर अंथरुणाला आहेत. बाहेर चपला घालताना त्या म्हणाल्या, “माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही गं.”

ते ऐकल्यापासून मला चैन नाही. उपासना संपताना आपण दर आठवड्याला बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं आशीर्वचन ऐकतो. देव तुझं रक्षण करो, त्याचं मुख तुझ्यावर प्रकाशो, तो तुला शांती देवो. त्यात जमीन नाही, गाडी नाही. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात कोठार आणि गुरंढोरं आहेत, हेही खरं. ऐहिक आशीर्वाद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याचं कोठार रिकामं, त्याने साक्षीला उभंच राहायचं नाही का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक, सगळीकडच्यांनी लिहा. मेथॉडिस्ट असा की कॅथलिक.

निपाणीकडून, शेतकरी

मी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या कामासाठी नेमाने देतो. पूर्वी मनात हिशेब असायचा, की आपण दिलं म्हणजे देव दामदुपटीने परत करणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी घरात शिरलं. मातीची भिंत रात्रीत बसली, सोयाबीन कुजलं, ऊस आडवा झाला. आम्ही गावच्या शाळेत नऊ दिवस होतो. त्या नऊ दिवसांत मी देवाशी भांडलो, तोंडाने प्रार्थना फुटत नव्हती.

पाचव्या दिवशी आमच्या चर्चचे पाळक चिखल तुडवत आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर तांदळाचं पोतं. पोतं त्यांनी आमच्या हवाली केलं नाही, शाळेतल्या सामायिक चुलीपाशी टेकवलं. शाळेत सगळेच होते, मराठा, लिंगायत, मुसलमान. निघताना त्यांनी आमच्या घरच्यांसाठी हात वर करून तेच आशीर्वचन म्हटलं. कोपऱ्यातली एक लिंगायत आजी उठून आली आणि म्हणाली, “माझ्या पण डोक्यावर हात ठेवा की, साहेब.” मग एकेक करत बरेच जण आले.

बायबलमध्ये अब्राहामाला देव आशीर्वाद देतो तेव्हा तिथेच सांगतो की तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. ते मी लहानपणापासून वाचत होतो. कळलं त्या शाळेत. आमची भिंत पुढच्या वर्षी उभी राहिली, कर्ज अजून आहे.

खानापूर तालुक्यातून

आम्ही कॅथलिक, घरात कोकणी, बाहेर मराठी. आमच्याकडे नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेतात, फादर त्यांवर आशीर्वाद मागतात. घरी आणून एक लोंबी वेदीपाशी बांधायची, चार दाणे खिरीत घालायचे. एका वर्षी पावसाने दगा दिला आणि लोंब्या पोचट निघाल्या. मी आजोबांना म्हटलं, यंदा कशाला न्यायच्या? ते म्हणाले, “भरलेल्या नेतो त्या आभार म्हणून. या नेतो त्या आपल्या म्हणून.” फादरनी त्या पोचट लोंब्यांवरही तीर्थ शिंपडलं. एवढंच.

बेळगाव शहरातून, परिचारिका

लग्नाला सतरा वर्षं झाली, मूल नाही. एका प्रार्थनासभेत माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं गेलं की विश्वास कमी पडतोय, म्हणून आशीर्वाद अडलाय. सहा महिने मी कुठल्याच सभेला गेले नाही. हे पहिल्यांदाच लिहितेय.

मला परत आणलं बायबलमधल्या याकोबाने. तो रात्रभर देवाशी झुंजला, “मला आशीर्वाद दिल्याशिवाय मी तुला सोडणार नाही” म्हणाला, त्याला आशीर्वाद मिळाला, आणि सकाळी तो लंगडत निघाला. झुंजीत निखळलेली मांडी बरी झाली असं तिथे लिहिलेलं नाही. प्रेषित पौलाच्या शरीरात सलणारा ‘काटा’सुद्धा, देवाकडे विनवूनही, निघाला नाही. “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढंच उत्तर आलं. मला कोणी कृपा करून ‘विश्वास वाढव’ म्हणू नका. वॉर्डात रात्री दोन वाजता एखादं तापाने फणफणलेलं बाळ माझ्या खांद्यावर झोपतं, तेव्हा मला रडू येतं आणि मी प्रार्थनाही करते. दोन्ही एकदम होतं.

चिक्कोडी, ट्रकचालक

गाडी काढताना आई कपाळावर अंगठ्याने क्रूस काढते. मी पन्नाशीचा आहे. तरी वाकतो.

गोकाकची सून

माहेर मराठी, सासर कानडी. लंडन मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आपल्या भागातल्या मंडळ्या दोन्ही भाषांत प्रार्थना करत आल्या आहेत, पण माझ्या घरात ते सोपं नव्हतं. सासूबाई माझ्याशी फार बोलत नसत, मला वाटे मी त्यांना नकोशी आहे. शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय चेपत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “देवरु निन्नन्नु आशीर्वदिसलि.” देव तुला आशीर्वाद देवो. तेवढं कानडी मला येत होतं. मी मराठीत ‘आमेन’ म्हटलं. त्या हसल्या, कारण तो शब्द दोन्हीकडे एकच.

धागा सुरू करणारी

परवा संध्याकाळी त्या मावशींकडे गेले. यजमानांच्या खाटेशी बसून हे सगळं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. निपाणीच्या भावाचं दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ त्या पदराशी चाळा करत बसल्या.

“यांचा उजवा हात गेलाय,” त्या म्हणाल्या. “बोलणंही गेलंय. पण रोज रात्री दिवा घालवायच्या आधी मला खुणेने बोलावतात. मी खाली बसते. डावा हात कसाबसा उचलतात न् माझ्या डोक्यावर ठेवतात. ओठ हलत असतात.”

आणि मला विचारलं, “हे सांगायचं असतं होय गं, चर्चमध्ये?”